एका कडीपायी: कोलशेत, कल्याण, खडवली

खडवलीला जायचं ठरलं ते आंब्यांच्या एका करंडीमुळे.

वैशाख सरत आला होता. कोर्टाला सुटी लागली होती आणि मी परसात भट्टीपुढे बसून राख उपसत होतो. तेवढ्यात खडवलीकडचा एक गाडीवान डोक्यावर करंडी घेऊन आत आला. "काशीनाथ पाटलानं धाडल्यात," तो म्हणाला. "तुमची कडी लय बेस निघाली म्हनं. इहीर खोल करायचं काम काढलंय, तर आता तिच्यावरच मानसं उतरत्यात."

आंबे रायवळ होते आणि घरात सगळ्यांना गोड लागले. माझ्या हातातला मात्र तसाच राहिला.

माझा छंद ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. मी ठाण्याच्या कोर्टात भाषांतराचं काम करतो. मुंबईस कॉलेजात असताना धातूंवरचं एक इंग्रजी पुस्तक हाती पडलं, तेव्हापासून लोखंडाबद्दल पुष्कळ वाचलं. हात मात्र चाळिशी उलटल्यावर लावला. कोलशेतच्या पास्कूबाबाची दृष्टी मंदावली तेव्हा त्याने आपली जुनी हत्यारं काढून टाकली: मधोमध खोलगट झालेली ऐरण, बकऱ्याच्या कातड्याचा भाता, तीन सांडशा, दोन हातोडे. ती मी घेतली आणि त्यांच्याबरोबर बाबाची शिकवणीही. आमच्या आळीत यावर बोलणी होतात. "तात्यासाहेब, घोडा आणला तर नाल ठोकून मिळेल का?" असं परवाच एकाने ओट्यावरून विचारलं. मी हसलो. चेष्टेचं मला वाईट वाटत नाही. वाटत असावं, नाहीतर इथे लिहिलं नसतं.

फाल्गुनात काशीनाथ पाटील बांधाच्या एका दाव्यासाठी ठाण्याला आले होते. घरी आले, भट्टी पाहिली आणि मोटेची कडी झिजल्याचं बोलता बोलता म्हणाले. मीच पुढे झालो. "मी करून देतो." ते म्हणाले, "गावात लोहार हाय की आमचा." मी म्हणालो, "असू दे, ही माझ्याकडून." माझ्या हातची वस्तू परसाबाहेर कुठेतरी खरोखरच्या कामाला लागावी, ही हौस. मोटेची कडी तुटलीच तर फार तर कातड्याची मोट पाण्यात पडेल, एवढाच विचार मी केला होता.

लोखंडाला लोखंड सांधणं हे या कामातलं सगळ्यांत अवघड. दोन्ही टोकं निमुळती करून एकावर एक ठेवायची, वर बारीक वाळू भुरभुरायची, पांढरी होईतो तापवायची आणि ठोकून एकजीव करायची. सांधा लागला की नाही ते बाहेरून दिसत नाही. आणि करंडी यायच्या चारच दिवस आधी, त्याच सळईची, त्याच रीतीने केलेली दुसरी एक कडी मी खुंटीवर ठोकून बसवत असताना उघडली होती. सांध्याचा निम्मा भाग आतून काळा होता. तिथे लोखंड लोखंडाला चिकटलंच नव्हतं.

दुपारची गाडी मिळाली असती. स्टेशन आमच्या घरापासून पाऊण तासाच्या आत आहे. मी गेलो नाही. आधी जाणत्याला विचारावं, असं मी मनाशी ठरवलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे कोलशेतची वाट धरली.

कोलशेतला जायचं तर ऊन चढायच्या आत जावं. माजिवड्यापर्यंत झाडांची सावली आहे, पुढे नाही. मग मिठागरं लागतात. सकाळच्या उन्हात त्या पांढऱ्या राशींकडे बघवत नाही, डोळे चुरचुरतात. आगरातली माणसं मात्र गुडघ्याएवढ्या खाऱ्या पाण्यात उभी राहून फळीने मीठ ओढत होती आणि एकमेकांना हाका मारून हसत होती. बैलगाडीही मिळते, पण चालत गेलं तर खाडीचा वारा लागतो.

पास्कूबाबा उपड्या घातलेल्या एका होडीच्या सावलीत बसला होता. पोर्तुगिजांच्या काळात त्याचं घराणं किरिस्तांव झालं. होड्यांचे खिळे आणि नांगर करण्यात त्याचा जन्म गेला. तो सगळ्यांना अरे-तुरे करतो, मलाही. माझ्या चालीवरूनच त्याने ओळखलं.

"तात्या, सुटीत पन सकाळी उठतोस?"

मी सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला, मग म्हणाला, "ठोकली तवा आवाज कसा आला?"

"चांगला आला."

"कोनाला चांगला? तुला?"

"बाबा, तुम्ही शिकवल्याप्रमाणेच केलं. वाळू टाकली, पांढरी तापवली."

"मी बघितली नाय ती कडी. न बघितल्या लोखंडाचं मी काय सांगू?"

मी पुन्हा विचारलं, वेगळ्या शब्दांत. इतके दिवस टिकली आहे, म्हणजे बरीच असेल ना? भार सांध्यावर न येता दुसऱ्या बाजूला येत असेल ना? म्हातारा होडीच्या फळीवर बोटं फिरवत होता.

"हे बघ," तो म्हणाला, "तू यवडं चालत आलास ते मी 'काय होत नाय' म्हनावं म्हनून. मी म्हनतो, काय होत नाय. झालं? आता घरी जा नि बस, बघू बसवतं का."

सुनेने तांदळाची भाकरी आणि सुकटीचं कालवण आणलं. सुकट मी खात नाही. भाकरी गुळाबरोबर खाल्ली आणि त्यांच्या घरचं पाणी प्यालो. तिथे मी पाणी पितो हे आळीत फारसं कोणाला ठाऊक नाही, आता होईल. मग ऊन उतरेपर्यंत पडलो. घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती आणि कल्याणकडे जायला सोयीची गाडी सकाळचीच होती.

"उद्या मी खडवलीला जातो," मी घरात सांगितलं.

"उद्या अवस आहे," सौभाग्यवती म्हणाल्या. "अवसेचं कोणी गावाला जातं का?"

"मी जातो. अमावास्या म्हणजे चंद्र दिसत नाही इतकंच."

"बरं, चंद्राला दिसत नाही, पण तुम्हाला तरी दिसू द्या वाट," असं म्हणून त्यांनी दशम्या बांधून दिल्या. दुधात भिजवलेल्या दशम्या प्रवासाला उत्तम, दोन दिवस बिघडत नाहीत.

ठाण्याला आगगाडी आली तेव्हा मी शाळकरी होतो आणि आम्ही सगळे रुळाला कान लावून पडलो होतो. अजूनही खाडीवरचा पूल आला की मी खिडकीकडे सरकतो. पुढे दोन लहान बोगदे, मुंब्र्याचा उभा डोंगर आणि मग डोंबिवलीकडची मोकळी भातशेतं, उन्हाळ्यात भाजून काळी केलेली. तिसऱ्या वर्गाचं तिकीट तीन आणे. बसायला जागा मिळाली तर पैसे वसूल, नाही तर दारातला वारा फुकट.

खडवलीला आगगाडी थांबत नाही, म्हणून कल्याणला उतरलो, तर गाडीवानांनी नकार द्यायला सुरुवात केली. "अवसेचं बैल जुंपत नाय साहेब," एक म्हणाला. दुसऱ्याने नुसतीच मान हलवली. शेवटी चिंचेखाली पहुडलेला हसनमिया उठून बसला. "आमच्यात अवस नाय, पन बैलांना इचारावं लागंल," म्हणाला आणि बैलांना काहीही न विचारता भाडं दुप्पट सांगितलं. मी लगेच कबूल केलं, तेव्हा त्याला वाईट वाटलेलं दिसलं. घासाघीस न करणारं गिऱ्हाईक त्याला बेचव लागलं असावं.

"काय घेऊन चाललाव खडवलीला?"

"काही नाही. एक लोखंडाची कडी बघायला चाललोय."

"कडी?" त्याने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. "मान्सं देव बघायला जातात, पोरगी बघायला जातात. कडी बघायला जानारा तुमीच."

रस्ता चार-साडेचार कोसांचा. पहिला कोस-दीड कोस पक्का आहे, नंतर चाकोऱ्या. काळू नदीला या दिवसांत उतार असतो, पाणी चाकाच्या निम्म्यापर्यंत. पलीकडच्या काठावर ठाकरांच्या बायका पळसाच्या द्रोणात करवंदं विकतात, ती जरूर घ्यावीत. मी घेतली आणि हसनमियाला दिली. "जरा लवकर," असं मी दोनदा म्हटल्यावर तो म्हणाला, "साहेब, घाई मला नका सांगू, त्या दोघांना सांगा. ते ठान्याची भाषा समजत असले तर."

दुपार कलती होत असताना आम्ही पोचलो. विहीर गावाच्या अलीकडे, आंब्याच्या दोन झाडांमध्ये. दोन खांबांवर आडवं लाकूड, त्याला चाक, चाकावरून दोर. दोराचं टोक माझ्या कडीत बांधलेलं आणि त्याच कडीत टोपल्याच्या चार दोऱ्या. मी लांबूनच ती ओळखली. विहीर आठ पुरुष उंचीइतकी खोल गेली होती. खाली भिमा आणि त्याचा भाऊ कातळ फोडत होते. वर भिमाची बायको येसू आणि गावातले तिघे दोर धरून होते.

पाटील पुढे आले. "या, या! अवसेचं आलात? बसा, गूळपानी घ्या."

"आधी माणसं वर घ्या, पाटील. ती कडी कच्ची असेल."

"कच्ची? अवो, दीड महिना दगूड वडतीय ती."

"वर घ्या त्यांना!" मी ओरडलो. माझा आवाज मलाच परका वाटला. "ताबडतोब वर घ्या!"

येसूने दोर न सोडता माझ्याकडे पाहिलं. "कशात बसवून घ्यू वर? तुमच्या कडीवर?"

वाटेवरचे चार कोस मी हीच हाक मनात घोळवत आलो होतो आणि तिचा अर्थ काय होतो हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

ती विहिरीत वाकून ओरडली, "बसू नगा रं टोपल्यात! रिकामं वर येतंय!" मग रिकामं टोपलं वर आलं. तिने कडी सोडवली, बाजूला टाकली आणि दोर थेट टोपल्याच्या दोऱ्यांत घालून तीन गाठी मारल्या. दोरावर दोर घासून झिजतो, म्हणून रोजच्या कामाला तसं चालत नाही. पण दोन खेपांना चालतं. भाऊ आधी वर आला, मग भिमा. भिमाने अंगावरची माती झटकली, कडी उचलून बघितली आणि हसला. "यवडी गुळगुळीत हाय, मला वाटलं इकतची आनली." मग त्याने माझ्याकडे तंबाखू मागितली. माझ्यापाशी नव्हती.

येसू अजून माझ्याकडेच बघत होती.

"तुमाला कवा कळलं, कडी कच्ची हाय म्हून?"

"तिच्यावर माणसं उतरतात, हे परवा कळलं."

"मग काल कुटं हुता?"

तिच्या आवाजात राग नव्हता. गुरं सोडायला उशीर का झाला असं विचारावं तसं तिने विचारलं. मी म्हणालो, "कोलशेतला." तिला कोलशेत ठाऊक नव्हतं. तिथे वैद्य राहतो की साहेब, असं काहीतरी तिला वाटलं असावं. तिने मान हलवली आणि पाण्याच्या घागरीकडे गेली. काल सबंध दिवस तिचा नवरा त्या कडीवर उतरत होता आणि चढत होता. तेव्हा मी होडीच्या सावलीत झोपलो होतो.

पाटलांची पंचाईत वेगळी होती. पाऊस पडायच्या आत पाणी लागायला हवं. लागलं नाही तर विहीर ढासळणार आणि पुढचा उन्हाळा असाच जाणार. "नवी कडी लगेच करून घ्यू," म्हणत ते मला सखाराम लोहाराकडे घेऊन गेले.

लोहाराची साळ थंड होती. ऐरण धुऊन तिला हळद-कुंकू लावलेलं, हातोडे ओळीने आडवे ठेवलेले, भात्याच्या तोंडात फडक्याचा बोळा. सखाराम दाराशी सुपारी कातरत बसला होता.

"आज नाय," आम्ही काही बोलायच्या आधीच तो म्हणाला. "आज अवस. ऐरन निजलीय."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. लोहार अमावास्येला हत्याराला हात लावत नाहीत. माझा पास्कूबाबा किरिस्तांव, त्याची सुटी रविवारची. माझ्या इंग्रजी पुस्तकात हे असायचं कारणच नव्हतं. आणि घरी सांगितलं तेव्हा मी चंद्राचं शास्त्र सांगून मोकळा झालो होतो.

"सखाराम, मानसांचा जीव हाय," पाटील म्हणाले.

"जीव वर आला नवं? मग उद्यापत्तुर वरच ऱ्हाऊ द्या." त्याने सुपारी तोंडात टाकली. "गावच्या इहिरीची कडी ठान्यास्नं आली, तवा मला कोन इचाराया आलं नाय. आता अवसेचं आलाव."

"चूक माझी आहे," मी म्हणालो. "पाटील तुमच्याकडेच येणार होते. मीच आग्रह केला."

"तुमी कोन?"

"ठाण्याच्या कोर्टात असतो. लोहारकाम हौसेनं करतो."

"हौसेनं," तो म्हणाला, आणि पानाचा डबा माझ्याकडे सरकवला. "बसा."

कडी मी त्याच्यापुढे ठेवली. त्याने ती हातात घेतली नाही, वाकून नुसती पाहिली. "गोल झ्याक आलीय," म्हणाला. दुसऱ्यांदा कोणीतरी तिच्या गोलाईची तारीफ करत होतं.

पाटलांकडे मुक्कामाची उत्तम सोय झाली. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, ताक. खडवलीला जाणाऱ्याने भातसा नदीवर सकाळी आंघोळ जरूर करावी. पाणी उन्हाळ्यातही गार आणि तळचे गोटे दिसतील इतकं नितळ. मी केली. पण त्या पाण्यात उभा असतानाही येसूचा तो प्रश्न डोक्यातून काही उतरला नाही. मला माहीत होतं की एक दिवस उशीर झाला तो माहिती काढण्यासाठी नव्हता. पास्कूबाबा काय म्हणेल ते मला निघतानाच ठाऊक होतं. 'काय होत नाय' हे शब्द दुसऱ्याच्या तोंडून मिळाले की पुढे जे होईल त्यात त्याचाही वाटा, असा तो हिशेब होता. उलटून विचार करतो, तर हाही निष्कर्ष मी फार चटकन काढला असेल. कदाचित मला फक्त भीती वाटत होती.

सकाळी सखारामाने ऐरणीला नमस्कार केला, भट्टी पेटवली आणि कडी दोरीला टांगून हलकेच ठोकली. दोनदा ऐकलं. मग तापवून, सांध्याच्या बरोबर बाजूला छिन्नी लावून ती कापली आणि सांधा उकलला.

निम्म्याहून थोडा जास्त भाग एकजीव होता. उरलेला काळा, तव्याच्या पाठीसारखा.

"किती दिवस टिकली असती?" मी विचारलं.

"त्ये कडीला ठावं. दहा वर्सं बी गेली असती. नाय तर आज दुपारी बी."

भाता त्याने मला मारायला लावला. खराब तुकडा छाटून, नवा जोड घेऊन त्याच लोखंडाची कडी करायची होती. टोकं एकावर एक बसवली, वाळू टाकली. लोखंड तांबडं झालं, पिवळं झालं, मग पांढरं.

"बोला," तो निखाऱ्यावरची नजर न हलवता म्हणाला. "काढू आता?"

"काढा."

त्याने काढलं नाही. "मारा भाता." मी मारला. लोखंडाच्या अंगावर तुपासारखी ओल चढली. "आता?" "काढा, जळेल!" तरी त्याने आणखी दोन श्वास थांबवलं. ओल हलायला लागली, एक ठिणगी स्वतःहून उडाली आणि त्याच क्षणी कडी ऐरणीवर होती. तीन घाव. तिसऱ्याला आवाज बदलला. तो मलाही ऐकू आला.

"जळंल म्हून भिता तुमी," सखाराम म्हणाला. "म्हून दोन सासं आधी काडता. वरनं पांढरं, आत कच्चं. हात चांगला हाय तुमचा. भ्या लय."

विहिरीवर गेल्यावर त्याने डोईचं मुंडासं सोडून पाटलांकडे दिलं आणि स्वतः टोपल्यात बसला. त्याच्या घरची रीत अशी की विहिरीची कडी ज्याने केली, त्याने तिच्यावर पहिल्यांदा उतरायचं. साठीचा माणूस दोन्ही हातांनी दोऱ्या धरून हळूहळू खाली गेला, तळाला पाय लावून वर आला. "पानी लागंल चार दिसांत," म्हणाला, "वल हाय खाली."

मी पुढे झालो. "आता मी उतरतो."

येसूने टोपलं धरून ठेवलं. "तुमी कशाला?"

"भाता मी मारला होता. आणि पहिली कडी माझीच."

"पयली गेली मोडीत. दिस वर आलाय. कामाचं मानूस उतरू द्या." आणि तिने नवऱ्याला खूण केली.

खाली उतरलो असतो तर मला बरं वाटलं असतं. तेवढ्यासाठी तिने कामाची खेप मोडावी असं मला वाटत होतं, हे ती नाही म्हणाली तेव्हा समजलं. मी दोराला हात लावला. तो मात्र तिने धरू दिला. संध्याकाळपर्यंत आम्ही पाच जणांनी दगड ओढले. माझ्या तळहातांना फोड आले आणि ते बघून भिमाने पुन्हा तंबाखू मागितली. या वेळी पाटलांकडची घेऊन ठेवली होती.

चौथ्या दिवशी परत निघालो. खडवलीहून कल्याणला भाड्याची गाडी मिळायची खात्री नाही. जाताना ज्याने आणलं त्यालाच दिवस सांगून ठेवावा. हसनमिया बोलावल्याप्रमाणे आला. "बघितली कडी?" "बघितली." "कशी हाय?" "आता चांगली आहे." त्याने बैलांना ती बातमी सांगितली.

गाडीत मी बोटांवर मोजू लागलो. आजवर सांधा लावलेल्या माझ्या हातच्या वस्तू कुठे कुठे आहेत? आमच्या घरच्या शिंक्याची साखळी. देवळातल्या घंटेचा आकडा. पण तो वाकवलेला, सांधलेला नाही. दप्तराच्या पेटीची मूठ. आणि काळूच्या पाण्यात चाकं शिरली तेव्हा आठवलं: शेजारच्या गोदूताईंच्या नातवाचा पाळणा. बारशाला मीच भेट म्हणून दिलेली वरची कडी.

ठाण्याला उतरलो तेव्हा उन्हं उतरली होती. घराच्या दारावरून पुढे गेलो, पाय न धुता गोदूताईंच्या ओटीवर चढलो. पाळणा हलत होता.

"अगंबाई, तात्या! कधी आलात?"

"गोदूताई, बाळाला उचला. कडी काढायची आहे."

"आत्ताच डोळा लागलाय हो त्याचा. केवढ्या कष्टानं! उद्या सकाळी काढा की."

"नाही. आत्ता."

माझ्या चेहऱ्यावर काय होतं कोण जाणे. त्यांनी पुढे वाद घातला नाही. बाळाला उचललं, ते जे रडायला लागलं ते आळीच्या टोकापर्यंत ऐकू गेलं असेल. मी स्टुलावर चढून कडी उतरवली, परसात नेली, छिन्नी लावली आणि सांधा उकलायला गेलो. तो उकलला नाही. शेवटी सांध्यातूनच कापला. आतून सगळीकडे सारखाच करडा, चकचकीत. एकजीव. कुठे सांधलं होतं तेही दिसेना.

मी तुकडे घेऊन परत गेलो. गोदूताई बाळाला खांद्यावर थोपटत येरझाऱ्या घालत होत्या.

"निघाली का वाईट?"

"नाही. चांगली होती."

"मग तोडलीत कशाला?"

मी बाजारातून तयार कडी आणून दिली, दिवे लागायच्या आत. पाळणा पुन्हा टांगला आणि माझा सगळा भार देऊन दोन्ही हातांनी तिला लोंबकळलो. आढं करकरलं, गोदूताईंचे यजमान बाहेर येऊन हसले, "तात्यासाहेब, तुम्हालाच जोजवायचं का?" बाळ थांबून बघायला लागलं.

या सहलीतून काय राहिलं, असा हिशेब अशा लेखाच्या शेवटी मांडतात. चांगली कडी मी तोडली याचं मला दुःख झालं नाही, आणि त्या संध्याकाळी घरी येऊन जेवलो तेव्हा भूक खरी होती. पण एका बाळाची झोप मोडून कोलशेतला घालवलेला दिवस भरून निघत नाही, हेही जेवताना समजत होतं.

भट्टी बंद केलेली नाही. गेल्या पंधरा दिवसांत सात सांधे लावायला बसलो आणि त्यातले पाच जाळले. लोखंडाची फुलबाजी होऊन निखाऱ्यात पडली. आता मी दोन श्वास जास्त थांबतो, कधी चार. खडवलीहून निरोप आला की पाणी लागलं. येसूने काही सांगितलं का, असं मी गाडीवानाला विचारलं. "ती कशाला काय सांगंल?" तो म्हणाला. "ती आता दुसऱ्या गावाला गेली, दुसऱ्या इहिरीवर."

तिथली कडी कोणी केली आहे, ते मी त्याला विचारलं. त्याला माहीत नव्हतं.